पंपाचें व नावेचें यंत्र थंड असतां सुरू कां होत नाहीं?

पवनेच्या कांठचें पुनावळे गांव 1997 सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें, आणि तेव्हांपासून तेथील शेती उंच इमारतींच्या सांदीकोपऱ्यांत उरली आहे. तरी जेवढी जमीन अद्याप नांगराखालीं आहे तिला पाणी हवेंच. विजेचा पंप आहे तेथें प्रश्न नाहीं. पण ज्या तुकड्यापर्यंत विजेची तार गेलेली नाहीं, किंवा जेथें वीज नको त्या वेळीं येते व हवी त्या वेळीं जाते, तेथें दोन माणसांनीं उचलून न्यावा असा पेट्रोलचा लहान पंप नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन बसविण्याची वहिवाट आहे. तण काढण्याचें यंत्र, गवत कापण्याचें यंत्र व पाठीवरचा यांत्रिक फवारा हींही त्याच कुळांतलीं होत. या कुळांतील आणखी एक भाऊबंद नदीकांठच्या गांवांस अलीकडे परिचयाचा झाला आहे. तो म्हणजे नावेच्या पाठीमागें अडकविण्याची मोटर, जिला आऊटबोर्ड म्हणतात. या सर्वांविषयीं शेतकरी बंधूंकडून ऐकूं येणारी तक्रार एकच असते: एकदां तापलें कीं यंत्र दिवसभर निमूट चालतें, परंतु सकाळीं थंड असतां कांहीं केल्या सुरू होत नाहीं.

ही तक्रार क्षुल्लक नव्हे. गव्हास पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांच्या सुमारास मुकुटमुळें फुटतात, आणि त्या वेळचें पाणी चुकलें तर तें पुढें कितीही पाणी देऊन भरून निघत नाहीं. ज्याचें यंत्र त्याच दोन दिवसांत रुसून बसलें त्यास हें वेगळें सांगावयास नको. नावेच्या मोटरीची गोष्ट याहूनही निराळी. ती वर्षांतून एखादे वेळींच लागते, पण लागते तेव्हां पलीकडे माणसें छपरावर बसलेलीं असतात.

आमचें म्हणणें असें आहे कीं, थंड यंत्र सुरू न होण्याचें कारण बहुधा त्या सकाळचें नसतें. तें यंत्र मागच्या खेपेस बंद करून ठेविलें त्या दिवसाचें असतें. दोरी ओढणारा मनुष्य शिक्षा मात्र सकाळीं भोगतो. हें पटण्यासाठीं यंत्राच्या पोटांत काय चालतें तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

पेट्रोल जळत नाहीं, पेट्रोलची वाफ जळते. कार्ब्युरेटर हा पेट्रोलाचे बारीक तुषार करून हवेंत सोडतो, व वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा असें मिश्रण झालें म्हणजे तें ठिणगीनें चांगलें पेटतें. यंत्र तापलेलें असतां तुषारांची वाफ आपोआप होते. थंड असतां मात्र पुष्कळसे तुषार नळीच्या भिंतीस चिकटून राहतात, आणि त्यांतील जो अगदीं हलका, चटकन उडणारा अंश असतो तेवढ्याचीच वाफ बनते. म्हणून थंड यंत्रास नेहमींपेक्षां कितीतरी अधिक पेट्रोल पाजावें लागतें. चोक म्हणून जी पाकळी असते तिचें काम एवढेंच. ती हवेचें तोंड झांकते. दट्ट्या खालीं जातांना आंत पोकळी वाढते व तिच्या ओढीनें पेट्रोल जास्त खेंचलें जातें. यंत्र धरूं लागलें कीं पाकळी हळूहळू उघडावयाची.

पुणें शहरीं 17 जानेवारी 1935 रोजीं उष्णमान 1.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. परंतु यंत्र रुसावयास इतक्या थंडीची जरूर नसते. नदीकांठच्या धुक्यांतली दहा-बारा अंशांची साधी पहाट पुरते. भर वैशाखांतही महिनाभर पडून असलेलें यंत्र असाच त्रास देतें, तेव्हां सर्व दोष थंडीच्या माथीं मारून चालणार नाहीं.

खरा दोष टाकींत असतो. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या-जड अशा अनेक पदार्थांचें तें मिश्रण आहे. टाकींत तें महिना-दोन महिने राहिलें म्हणजे त्यांतील हलका अंश आधीं उडून जातो. म्हणजे थंड यंत्र पेटविण्यास जो अंश लागतो नेमका तोच जातो, आणि तापल्यावर जळणारा जड अंश शिल्लक राहतो. वर सांगितलेल्या तक्रारीचें, म्हणजे तापल्यावर चालतें पण थंड असतां उठत नाहीं याचें, अर्धें उत्तर येथेंच आहे. शिवाय शिळ्या पेट्रोलाचा चिकट राप कार्ब्युरेटरच्या वाटींत बसतो. पितळेच्या ज्या बारीक जेटमधून यंत्र सुरू होतांना व मंद चालतांना पेट्रोल येतें त्याचें छिद्र जाड केसाहून फारसें मोठें नसतें. तें बुजण्यास राप कितीसा लागणार!

यांत अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचें प्रमाण 2022 सालीं शेंकडा दहापर्यंत पोहोंचलें, 2023 च्या फेब्रुवारींत शेंकडा वीस मद्यार्काचें पेट्रोल विक्रीस आलें, आणि 2025 पर्यंत तेंच सर्वसाधारण झालें. हा मद्यार्क बऱ्याच अंशीं आपल्याच उसापासून व मक्यापासून निघतो. साखर कारखान्यांस त्याचे पैसे मिळतात व त्यांतून उसाचीं देणीं भागतात. तेव्हां त्याची निंदा आमच्या हातून व्हावी असें नाहीं. परंतु जो ऊस पिकवितो त्यानेंच आपल्या मालाचे गुणधर्म ओळखूं नयेत हें बरें दिसत नाहीं. मद्यार्काची वाफ होण्यास पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि थंड यंत्रांत उष्णतेचाच दुष्काळ असतो. दुसरें असें कीं, मद्यार्कास जळण्यासाठीं पंधरा भाग हवा लागत नाहीं, सुमारें नऊच पुरते. म्हणून निव्वळ पेट्रोलासाठीं जमविलेल्या जुन्या कार्ब्युरेटरांत त्याचें मिश्रण पातळ पडतें, म्हणजे हवा अधिक व इंधन कमी होतें. तिसरा गुण सर्वांत वाईट. मद्यार्क हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि पाण्याचा अंश ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं पाणी व मद्यार्क मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात व तळाशीं बसतात. टाकीची नळी तळांतूनच निघते, त्यामुळें यंत्रास पहिला घोट त्या गढूळ थराचा मिळतो. जुन्या रबरी नळ्या मद्यार्कानें फुगतात, मऊ पडतात, व त्यांचे कण पुढें जाऊन जेटमध्यें अडकतात, ती गोष्ट निराळीच.

याची परीक्षा अगदीं सोपी आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीखालीं एक स्क्रू असतो, तो सैल करून निघणारें पेट्रोल स्वच्छ कांचेच्या बाटलींत धरावें व अर्धा तास स्थिर ठेवावें. तळाशीं वेगळा थर किंवा पाण्याचे गोळे दिसले, किंवा पेट्रोलास रंगाच्या जुन्या डब्यासारखा आंबूस वास आला, तर दोरीस हात लावूं नये. सर्व पेट्रोल काढून टाकून ताजें घालावें. आमच्या पाहण्यांत जीं यंत्रें बिघडलीं म्हणून मिस्त्रीकडे नेण्यांत आलीं त्यांपैकीं पुष्कळ एवढ्या उपायानेंच उठलीं असतीं. चाकण-भोसरीच्या या टापूंत मोटारींचे एवढाले कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्याच सावलींत शेतकऱ्याचा पंप वाटीभर शिळ्या पेट्रोलापायीं आठ दिवस मिस्त्रीच्या दारांत पडून राहतो, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

आतां पेट्रोल ताजें असूनही यंत्र उठत नसेल तर शोध कोणत्या क्रमानें करावा तें सांगतों. पुष्कळ लोक क्रम सोडून एकदम कार्ब्युरेटर खोलावयास बसतात व एखादी बारीक स्प्रिंग गवतांत हरवून बसतात. आधीं डोळ्यांनीं पाहावें. पेट्रोलची तोटी उघडी आहे काय? बंद करण्याचें बटण चालूच्या बाजूस आहे काय? टाकीच्या झांकणांतील हवेचें भोंक मातीनें बुजलें आहे काय? तें बुजलें असतां पेट्रोल खालीं उतरत नाहीं. हवेची गाळणी धुळीनें व तेलानें भरलेली असली तर उलट दोष होतो; ती न सांगतां चोकचें काम करीत बसते.

नदीकांठीं एक खास दोष आढळतो व तो ओळखणारे थोडे. कांहीं यंत्रांत तेल कमी झालें कीं ठिणगी आपोआप तोडणारी योजना असते. पंप उतरत्या दरडीवर तिरका बसविला म्हणजे आंतील तेल एका अंगास जातें, आणि तेल पुरेसें असूनही ही योजना ठिणगी तोडते. मग चोक, प्लग, पेट्रोल सर्व ठीक असून यंत्र मुकें राहतें. तें उचलून सपाट जागीं ठेविलें कीं पहिल्या ओढीस सुरू होतें, आणि ओढणाऱ्यास आपल्या हातास यश आलें असें वाटतें.

दोरी ओढण्याचीही रीत आहे. ती प्रथम सावकाश ओढून जड लागेल तेथवर आणावी, मग परत जाऊं देऊन एकदम झटक्यानें ओढावी. चोक लावून चार-पांच ओढींत यंत्रानें एखादा हुंकार दिला तर चोक अर्धा काढावा. हुंकारच नसेल तर पुढें ओढण्यांत अर्थ नाहीं. प्लग काढून त्याचें तोंड पाहावें. तें कोरडें असेल तर पेट्रोल पोहोंचत नाहीं असें समजावें, आणि शोध टाकीपासून जेटकडे न्यावा. तें ओलें असेल तर एक तर ठिणगी नाहीं, किंवा ओढून ओढून पेट्रोल जास्त झालें आहे. असें बुडालेलें यंत्र अधिक चोकनें अधिकच बुडतें. चोक पूर्ण काढावा, वेगाची कांडी पूर्ण उघडी धरावी, व प्लग पुसून, वाळवून, परत बसवून दहा-बारा वेळां ओढावें.

ठिणगी पाहावयाची ती अशी. प्लग त्याच्या टोपींत घालून त्याचें लोखंडी अंग यंत्राच्या धातूस टेकवावें, व मग दोरी ओढावी. मात्र बंद करण्याचें बटण चालूच्या बाजूस असावें, प्लगच्या भोंकापासून प्लग दूर धरावा, आजूबाजूस सांडलेलें पेट्रोल पुसून घ्यावें, आणि प्लग उघड्या हातांत धरूं नये. भोंकांतून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते व ती ठिणगीपाशीं गेली तर भडका उडतो. ठिणगी निळसर व टणटणीत असावी. पिवळी, मरतुकडी ठिणगी तापलेल्या यंत्रास पुरते, थंड्यास पुरत नाहीं. प्लगच्या दोन टोंकांमधील अंतर पंपाच्या पुष्कळशा यंत्रांत 0.7 ते 0.8 मिलिमीटर असतें. प्लग झिजतो तसें तें वाढत जातें व ठिणगीस उडी जड होते. आमच्या मतें दोन हंगाम चाललेला प्लग घासूनपुसून वापरण्यांत कांहीं काटकसर नाहीं. नवा घ्यावा व जुना खोक्यांत अडीअडचणीसाठीं ठेवावा.

जेट साफ करण्याविषयीं एकच सूचना, पण ती कळकळीची. घरांतली सुई किंवा तार त्यांत घालूं नये. पितळ मऊ असतें, छिद्र एकदां मोठें झालें कीं यंत्र जन्मभर जास्त पेट्रोल पितें. कार्ब्युरेटर साफ करण्याचें द्रव्य मिळतें तें सोडून, किंवा ताज्या पेट्रोलांत रात्रभर भिजवून, सायकलच्या पंपानें हवा मारावी आणि उजेडाकडे धरून छिद्र आरपार गोल दिसतें कीं नाहीं तें पाहावें.

एवढें करूनही यंत्र न उठलें आणि दोरी ओढतांना पूर्वींसारखा अडसर हातास लागत नसेल, तर झडपा किंवा दट्ट्याच्या कड्या झिजून दाब गळत आहे. तें काम मिस्त्रीचें. क्रूडवर चालणाऱ्या डिझेल इंजिनांची जात वेगळी. खडकीस 1946 सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाल्यापासून आपल्या विहिरींवर त्यांचा प्रसार झाला. त्यांस ठिणगी नाहीं, दाबानें तापलेल्या हवेंतच डिझेल पेटतें, म्हणून थंडींत त्यांचा सर्व भरंवसा दाबावर. त्यांविषयीं स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आतां नावेची मोटर. नॉर्वेंत जन्मून अमेरिकेंत गेलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिरानें 1909 च्या सुमारास मिलवॉकी येथें अशी मोटर विक्रीस आणली, तेव्हांपासून तिचें मूळ रूप फारसें बदललेलें नाहीं: वर लहान पेट्रोलचें यंत्र, मध्यें उभा दांडा, खालीं पाण्यांत पंखा. कोंकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव ती रोज वापरतात, आणि रोजच्या वापरामुळेंच त्यांची मोटर सहसा रुसत नाहीं. घाटावर गोष्ट उलट. 2019 च्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा यांच्या महापुरानें सांगली-कोल्हापूरकडील गांवेंच्या गांवें वेढलीं. त्याच पुरांत 8 ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें माणसें घेऊन निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर पूर येणाऱ्या गांवांस यांत्रिक नावा देण्याकडे लक्ष वेधलें. पवनेच्या कांठींही धरणांतून पाणी सुटलें कीं सखल भागांत पाणी शिरतें, आणि अशी नाव आपल्या गांवीं असावी अशी इच्छा पुष्कळ जण बोलून दाखवितात. इच्छा योग्यच आहे. पण श्रावणांत एकदां वापरून पुढच्या आषाढापर्यंत गोदामांत पडलेली मोटर म्हणजे वर सांगितलेल्या सर्व दोषांचें माहेरघर होय. अकरा महिन्यांचें पेट्रोल तिच्या पोटांत असतें, आणि जिच्याकडून पहिल्या ओढीची अपेक्षा तीच सर्वांत शिळी असते.

मोटर पुरांत सुरू झाली नाहीं म्हणजे पुष्कळदां कारण यंत्राच्या बाहेरच असतें. टाकीच्या झांकणावर हवेचा एक मळसूत्री खिळा असतो. तो टाकी नेतांना घट्ट केला जातो व पुढें सैल करावयाचा राहून जातो. टाकी व मोटर यांमधील रबरी नळींत एक फुगा असतो, त्यावर बाण कोरलेला असतो. बाणाचें टोंक मोटरीकडे व शक्यतों वर करून फुगा घट्ट लागेपर्यंत दाबावा. घट्टच होत नसेल तर नळीचा सांधा हवा ओढीत आहे. मोटर मोकळ्या गिअरांत नसेल तर कांहीं मोटरींची दोरी फिरतच नाहीं. आणि चालकाच्या मनगटास बांधावयाची जी लाल दोरी असते तिची चिमटी जागेवर नसेल तर ठिणगीच येत नाहीं. मनुष्य पाण्यांत पडला तर मोटर थांबावी म्हणून ती योजना असते. ही चिमटी हातभर दोरीसकट हरवते व नेमकी पुराच्या रात्रीं आठवते. दुसरी घेऊन ती मोटरीच्या मुठीशींच बांधून ठेवावी.

दुहेरी ठोक्याच्या मोटरींत पेट्रोलांतच तेल मिसळावयाचें असतें. पुष्कळशा मोटरींस पन्नास भागांस एक, म्हणजे लिटरास वीस मिलिलिटर, हें प्रमाण असतें. तरी आपल्या मोटरीच्या पुस्तिकेंत दिलें असेल तेंच धरावें. अंदाजानें जास्त तेल ओतण्याची संवय वाईट. त्यानें प्लग तेलकट होतो आणि थंड असतां सुरू होण्याचें आणखी एक संकट आपण होऊन ओढवून घेतलें जातें.

गांवानें नाव ठेवावयाची ठरविली तर मोटर सांभाळण्याचें काम नांवानिशीं दोन माणसांकडे द्यावें. सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं असा अनुभव आहे. त्यांनीं महिन्यांतून एकदां मोटर पाण्यानें भरलेल्या मोठ्या पिंपांत बुडवून दहा मिनिटें चालवावी. पिंपाशिवाय, कोरडी, क्षणभरही चालवूं नये. खालच्या भागांत पाणी खेंचणारा रबरी पंखा असतो, तो पाण्याविना घासून जातो, आणि मग मोटर सुरू झाली तरी थोड्याच वेळांत तापून अडकते. चालूं असतां मागील भोंकांतून पाण्याची बारीक धार पडते कीं नाहीं तें पाहावें. आषाढ लागण्यापूर्वीं टाकींतील सर्व पेट्रोल काढून पंपाच्या यंत्रांत किंवा मोटारसायकलींत वापरून संपवावें. तेल मिसळलेलें असल्यास मात्र गवत कापण्याच्या दुहेरी ठोक्याच्या यंत्रांतच घालावें. मोटरींत ताजें पेट्रोल भरावें, आणि त्या दिवशींची तारीख टाकीवर रंगानें लिहावी.

दर वेळीं मोटर बंद करतांना बटण दाबूं नये. फुग्याची नळी मोटरीपासून काढून घ्यावी व मोटर मंद वेगानें चालूं द्यावी. कार्ब्युरेटरच्या वाटींत जेवढें पेट्रोल असेल तेवढें जळून ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पंपाच्या बाबतींत हेंच काम पेट्रोलची तोटी बंद करून होतें.